बेदरच्या महालातील दोन कागद

बेदरचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी प्रथम ऐकले ते कीर्तनात. दामाजीपंतांचे आख्यान लागले, की उत्तररंगात कुठेतरी 'बेदरचा पातशहा' अवतरत असे. बुवा आवाज चढवीत, पेटीवाला भाता दाबून धरी आणि ऐकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढे एक अवाढव्य महाल उभा राही. त्या महालात खांद्यावर घोंगडी टाकलेला, हातात काठी घेतलेला विठू महार निर्भयपणे शिरे, पातशहापुढे मोहरांची रास ओती आणि पावती घेऊन निघून जाई. पुढे शाळेच्या पुस्तकात बहामनी राज्याची राजधानी म्हणून 'बीदर' हे नाव भेटले. हे बीदर आणि कीर्तनातले बेदर एकच, हे ध्यानात यायला मात्र बराच काळ जावा लागला. हा महाल प्रत्यक्ष पाहिला तेव्हा इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ते आख्यानच अधिक सोबतीला होते, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे.

बेदर आपल्याला तसे परके नाही. १९५६ पर्यंत तो हैदराबाद संस्थानातील, पुढे हैदराबाद राज्यातील एक जिल्हा होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके त्याच जिल्ह्यात मोडत. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला आणि खुद्द बेदर म्हैसूर राज्याकडे राहिले. एका जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूच्या गावांतून मराठी आजही घरात आणि बाजारात बोलली जाते. कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी या चार बोली ऐकत वाढलेले हे शहर आहे. आपली भाषा तिथे पाहुणी नाही, मात्र तिचा शिलालेख शोधू गेल्यास महालाच्या भिंतींवर फारसीच भेटते.

जांभ्या खडकाच्या पठाराच्या काठावर हे शहर वसलेले आहे. गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली ती अहमदशहा वली बहामनीने, पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. किल्ला १४३२ च्या सुमारास पुरा झाला. शहराला स्वतंत्र तट आहे आणि त्या तटाला शहागंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन, तळघाट अशा नावांचे दरवाजे आहेत. मध्यभागी चौबारा नावाचा गोल, उंच टेहळणी बुरूज आहे. तेथून उत्तरेकडे किल्ल्याच्या वाटेला लागले, की महमूद गवानची मदरसा दिसते. १४७२ मध्ये बांधलेल्या या विद्यालयाची अर्धी दर्शनी बाजू सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात कोसळली. उरलेल्या मिनारावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांची नक्षी अद्याप टिकून आहे. ज्या वजिराने ही वास्तू उभी केली, त्याचा १४८१ मध्ये त्याच्याच सुलतानाने शिरच्छेद करविला. निमित्त होते एका बनावट पत्राचे. त्या पत्रावरची मोहर खरी होती, मजकूर खोटा होता. कागदावर माणसाचा जीव टांगलेला असणारी ही राजधानी होती, एवढे येथेच लक्षात ठेवावे.

किल्ल्याभोवतीचा खंदक पाहण्यासारखा आहे. दक्षिणेकडे तो तिहेरी आहे. खडक खोदताना मध्ये दोन भिंती तशाच राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे चालून येणाऱ्याला एकामागून एक तीन खाई ओलांडाव्या लागत. पुढे शर्झा दरवाजा लागतो. त्याच्या दर्शनी भागावर दोन व्याघ्रमूर्ती कोरलेल्या आहेत. त्यानंतर जाड, कलत्या भिंतींचा गुंबद दरवाजा येतो. हे पार केले, की उजवीकडेच रंगीन महाल आहे. तो नेहमी उघडा नसतो, पहारेकऱ्याला विनंती करावी लागते. कुलूप निघून डोळे अंधाराला सरावले, की प्रथम दिसतात ते लाकडी खांब आणि त्यांवरच्या कोरीव हस्तांच्या ओळी. हे काम एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्याशी नाते सांगणारे आहे. आत गेल्यावर मात्र इराणी फरशांची महिरप लागते आणि तिच्याही आत काळ्याभोर, गुळगुळीत दगडात शिंपले बसवून काढलेली वेलबुट्टी व फारसी काव्यपंक्ती दिसतात. दिवा किंचित हलला, की शिंपल्यांचा रंग गुलाबीवरून हिरव्यावर जातो.

हा महाल आज दिसतो त्या रूपात अलीबरीदशहाने सजविला. त्याची कारकीर्द १५४२ ते १५८० अशी होती. बहामनी राज्याचे तोवर पाच तुकडे झालेले होते आणि बरीदशाही हा त्यांतला एक लहानसा तुकडा होता. राज्य आकसत गेले, तरी कारागीर उरले होते. बेदरमधील सर्वांत देखणी दालने एका दुर्बळ राजाने बांधली, याचे पाहणाऱ्याला आश्चर्य वाटते.

बलाढ्य बहामनींच्या वास्तू पुढे आहेत. सोळा खांबी मशीद, तर्कश महाल, गगन महाल आणि अगदी पश्चिमेला, कड्याच्या अंगाला, तख्त महाल. तख्त महालाच्या उंच कमानी उरल्या आहेत आणि त्यांतील एकीच्या कोपऱ्यांत सिंह व त्याच्या पाठीशी उगवणारा सूर्य अजून ओळखू येतो. इराणी राजचिन्ह दख्खनच्या पठारावर कसे आले, याचे उत्तर बहामनी दरबाराच्या घडणीत आहे. खुरासान, गीलान, माझंदरान येथून कवी, सुलेखनकार, सैनिक आणि मुत्सद्दी या दरबारात येत राहिले. दिवाण-ए-आम म्हणजे सर्वांसाठीचा दरबार. त्याचे लाकडी खांब केव्हाच नाहीसे झाले. त्यांच्या दगडी बैठका तेवढ्या जमिनीत ओळीने राहिल्या आहेत. आख्यानातला विठू महार महालात उभा राहिला असेल तर तो इथेच, असे त्या बैठकांकडे पाहताना वाटून गेले.

या महालाचे तो नांदता असतानाचे वर्णन एका परदेशी माणसाने करून ठेवले आहे. अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर शहरचा व्यापारी घोडा विकण्याच्या खटपटीत दख्खनमध्ये आला आणि १४७० च्या आगेमागे बेदरमध्ये राहिला. महालातील प्रत्येक दगड कोरलेला आणि सोन्याने रंगविलेला आहे, असे तो सांगतो. पण त्याहून मोलाची त्याची एक नोंद आहे. महालाला सात दरवाजे आहेत, प्रत्येक दरवाजात शंभर पहारेकरी आणि शंभर 'काफिर' लेखनिक बसलेले असतात. काही जण आत जाणाऱ्यांची नावे लिहितात, काही जण बाहेर पडणाऱ्यांची. शंभर हा आकडा प्रवाशाच्या डोळ्यांनी फुगविलेला असेल. व्यवस्था मात्र त्याने कल्पिलेली नाही. सरदारांचे अफाट वैभव आणि खेड्यातल्या माणसाची दैना त्याच प्रवाशाने शेजारी शेजारी नोंदविली आहे, हेही विसरता येत नाही.

काफिर म्हणजे हिंदू. दरवाजात बसलेले हे लेखनिक कोण होते? फिरिश्त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात बसून आपला इतिहास लिहिला. दख्खनच्या दरबारांत जमाखर्चाचे काम ब्राह्मणांच्या हाती असते, हे त्याने आवर्जून सांगितले आहे. तेव्हा त्या शेकडो लेखण्यांत काही तरी मराठी आणि कानडी हातांच्या असणार, असे मानायला हरकत नाही. येथे आपल्याला थोडे थांबावे लागते. आपल्यातील पुष्कळ घराणी महाराष्ट्राबाहेर आली ती लेखणी घेऊनच. कोणी ग्वाल्हेरला फडणिशी केली, कोणी बडोद्याला दफ्तर सांभाळले, कोणी इंदुरात कमाविसदार झाले, कोणी निजामाच्या मुलुखात देशपांडेपण आणि कुळकर्ण टिकविले. मालक बदलले, भाषा बदलली, मोडीच्या जागी फारसी, पुढे उर्दू वा इंग्रजी आली, दरवाजातली बैठक मात्र सुटली नाही. महालाच्या सिंहासनापेक्षा महालाच्या देवडीशी आपले नाते अधिक खरे आहे. कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाचे नाही, हे ठरविणारी लेखणी आपल्या हाती होती.

आता दामाजीपंतांकडे वळू. तेही अशाच लेखणीचे धनी. मंगळवेढ्याचा महसूल सांभाळणारे बेदर दरबारचे अधिकारी. परंपरा त्यांचा दुष्काळ १४५८ ते १४६० असा सांगते. माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लुटवली. हाताखालच्या माणसाने ही खबर बेदरला पोचविली आणि पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत असतानाच पंढरीचा विठ्ठल विठू महार होऊन दरबारात आला, धान्याची पै न् पै किंमत त्याने चुकती केली, पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली. ही कथा महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात सविस्तर येते. म्हणजे कथेचा काळ आणि तिचा हा ग्रंथ यांत तीनशे वर्षांचे अंतर आहे.

परंपरेचा काळ ग्राह्य धरला, तर तेव्हा तख्तावर हुमायूनशहा होता. त्याची कारकीर्द १४५८ ते १४६१ एवढीच, पण इतिहासकारांनी त्याला 'जालीम' हे विशेषण कायमचे चिकटविले. बेदरजवळ अष्टूरला वीज पडून दुभंगलेला त्याचा घुमट आजही उभा आहे. अशा राजाचे मन एका महाराच्या दर्शनाने वितळले, असे आख्यान सांगते. इतिहास म्हणून याला पुरावा देता येणार नाही, देण्याची गरजही नाही. आपल्याला महत्त्वाचे वाटते ते असे, की मंगळवेढे ते बेदर हे सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आणि सात दरवाजांतले ते सगळे लेखनिक ओलांडण्यासाठी कथेने देवाला जे रूप दिले, ते कारकुनाचे नाही, सरदाराचेही नाही. ते महाराचे आहे. गावाचा सारा सरकारात पोचविणे, खजिन्याबरोबर चालणे, निरोप नेणे ही महारांची कामेच होती. त्यामुळे ऐकणाऱ्याला ते रूप अस्वाभाविक वाटले नाही. आणि कथेत देव शेवटी मागतो काय, तर पावती. कारकुनाच्या जगात पावतीवाचून काही घडलेले नसते, हे देवालाही ठाऊक होते!

बेदरच्या त्याच महालातून निघालेला दुसरा एक कागद मराठी मुलखात सांगितला जातो. तो कीर्तनात ऐकू येत नाही, म्हणून आपल्यापैकी अनेकांना त्याची कथा ठाऊक नसेल. या अंकाच्या वाचकांत ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलेही असतील. ही कथा अमृतनाक महाराची. बेदरच्या पातशहाच्या घरातील स्त्री, कोणी बेगम म्हणतात, कोणी शहजादी, दूर देशी हरवली वा पळविली गेली. तिला शोधून आणण्याचे काम अमृतनाकाने पत्करले. निघण्यापूर्वी त्याने पातशहाच्या हाती एक बंद डबी ठेवली आणि परत येईपर्यंत ती उघडू नये अशी विनंती केली. स्त्रीला घेऊन तो सुखरूप परतला, तेव्हा संशय घेणारेही उभे राहिले. मग डबी उघडली गेली. आपल्या इमानाबद्दल कोणी शंका घेऊ नये म्हणून त्याने जाण्याआधीच स्वतःच्या देहावर शस्त्र चालविले होते, त्याची खूण त्या डबीत होती. पातशहाने बक्षीस मागायला सांगितले. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितले नाही, आपल्या जातीसाठी मागितले. तेच महारांचे बावन्न हक्क, असे परंपरा मानते.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत बेदरचा महाल आहे, दोन्हींत निष्ठेची परीक्षा आहे, दोन्हींत महार महालात शिरतो आणि दोन्हींच्या शेवटी एक कागद बाहेर पडतो. एका कागदाने दामाजीपंत सुटले. दुसऱ्या कागदाने काय झाले? शेतातल्या धान्याचा वाटा, मेलेल्या जनावरावरचा हक्क, प्रेतावरचे वस्त्र अशा गोष्टी त्या बावन्नांत येतात. त्यांची यादीही गावोगाव वेगळी. या हक्कांच्या बदल्यात महाराने अष्टौप्रहर गावाची आणि सरकारची चाकरी करावयाची, बोलावले तेव्हा जायचे, मोबदल्याचा हिशेब विचारायचा नाही. सनद म्हणून सांगितली गेलेली गोष्ट पिढ्यान् पिढ्या बेडी होऊन बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या बेडीवर घाव घालण्यासाठीच. आपल्या समाजाने वतनाचा मोह सोडावा, हे ते स्वकीयांनाही परोपरीने सांगत राहिले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. बेदरचा महाल ओसाड पडून तोवर शतके लोटली होती.

आणि पहिल्या कागदाचे काय? त्याची कथा आपण अभिमानाने सांगत आलो. विठ्ठल महार झाला, हे ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे. आमच्या घरीही येत असे. पण ज्या पंढरपुरात तो देव उभा आहे, तेथील देऊळ महारांना १९४७ पर्यंत बंद होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. मंगळवेढ्याशी नाते असलेल्या चोखोबांची समाधी त्या देवळाच्या दाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले. पातशहाच्या महालात महार शिरला, हे आम्ही कथेत सहज मान्य केले. तो महाल दूर होता, परक्याचा होता. आपल्या घराच्या उंबरठ्याशी आणि देवळाच्या दाराशी मात्र आम्ही निकितीनने पाहिलेल्या लेखनिकांसारखेच बसून राहिलो.

हे लिहिताना कोणावर दोष ठेवावा असा हेतू नाही. दामाजीपंतही त्या लेखनिकांतलेच एक होते आणि त्यांनी कोठार उघडले. म्हणजे देवडीवर बसलेल्याला दुसरी वाट नव्हती, असे म्हणता येणार नाही. हिशेब चुकतो आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो चुकू दिला. आपल्या घराण्यांच्या बखरीत, सनदांच्या पेट्यांत आणि वंशावळींत आपण पूर्वजांचा हुद्दा शोधतो, तैनात शोधतो, मिळालेली पालखी वा गाव शोधतो. त्यांच्या लेखणीने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हेही त्याच दफ्तरात सापडण्यासारखे आहे. ते कुणी शोधावयास घेतले, तर आपल्या मंडळांतून होणाऱ्या इतिहासलेखनाला एक नवे अंग लाभेल.

बेदरला जाणाऱ्यांनी रंगीन महालातले शिंपल्यांचे काम अवश्य पाहावे. तसे काम दख्खनमध्ये क्वचितच दिसते. तख्त महालाचा सिंह आणि सूर्यही पाहावा. परतताना मात्र दिवाण-ए-आमच्या त्या रिकाम्या दगडी बैठकांपाशी थोडे थांबावे. तेथे पाहण्यासारखे काही नाही, वाटाड्याही सहसा तेथे रेंगाळत नाही. मी थांबलो तेव्हा ऊन उतरत होते आणि जांभ्याच्या भिंती तांबूस झाल्या होत्या. एक कुटुंब लहान मुलांना घेऊन आले होते. मुले त्या बैठकांवरून एकीवरून दुसरीवर उड्या मारत होती. आई त्यांना मराठीतच हाका मारीत होती. कुठून आलात, असे विचारले तेव्हा भालकीकडचे गाव तिने सांगितले. दामाजीची गोष्ट मुलांना ठाऊक आहे का, असेही विचारले. ती हसून म्हणाली, "दामाजीची नाही, अमृतनाकाची सांगितलीय. आमच्याकडं तीच सांगतात." मग तिने थोरल्या मुलाला पुढे केले आणि त्याने ती गोष्ट डबीपासून बावन्न हक्कांपर्यंत न अडखळता मला ऐकवली.